माझ्या गुडघ्याची सीडी

चेन्नईत वेस्ट मांबलमला आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. पन्नाशी उलटली तसा माझा उजवा गुडघा कुरकुरायला लागला. डॉक्टर म्हणाले, सांधा झिजलाय, शिवाय आतली गादी फाटली आहे. दुर्बिणीतून कातरून साफ करू, दोनच भोकं पडतील.

पहिल्या मजल्यावर तंजावरी मराठी घरातले एक निवृत्त गणिताचे मास्तर होते. त्यांचंही दुखणं अगदी हेच, फक्त गुडघा डावा. त्यांनी ऑपरेशनला नकार दिला आणि पायाला तांदळाची पिशवी बांधून रोज व्यायाम सुरू केला. मला त्यांची कीव आली.

माझं ऑपरेशन झालं. घरी सोडताना इस्पितळाने त्याची सीडी दिली. मग भेटायला येईल त्याला मी कॉफीबरोबर गुडघा दाखवू लागलो. टीव्हीवर ओल्या खोबऱ्यासारखं पांढरं काहीतरी दिसायचं आणि एक बारीक चिमटा त्याचे लचके तोडायचा. ऑफिसातल्या एकाने अर्धी कॉफी तशीच ठेवली.

"लग्नाचा अल्बम कधी एवढ्या हौसेने दाखवला नाहीत," बायको म्हणाली.

तीन-चार महिने छान गेले. मग दुखणं हळूहळू परत आलं. वर्षभराने एका सकाळी मी जिना उतरत होतो आणि मास्तर चढत होते. कठडा एकाच बाजूला, आणि दोघांनीही तो घट्ट धरलेला. सोडायला कोणीच तयार नव्हतं. शेवटी दोघंही पायरीवर बसलो.

"सार, तुमचं ऑपरेशन झालं होतं ना?" त्यांनी विचारलं. त्यात खोच नव्हती, म्हणूनच जास्त लागलं.

मी डॉक्टरांकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "गादी साफ केली, पण झीज कशी जाणार? व्यायाम करा."

"कुठला?"

"पायाला वजन बांधून उचलायचा."

दुसऱ्या दिवशी मी एक किलो तांदूळ घेऊन मास्तरांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी पाय ताठ ठेवून उचलायचो, ते मोजायचे. अठरापर्यंत आलो की म्हणायचे, "गुडघा वाकला. परत एकपासून."