माईक आधी मागे

बाबा गेल्यानंतरचा त्यांच्या पुण्यानुमोदनाचा दिवस होता. विहारासमोर मंडप घातला होता. चुलीवर भोजनदानाचा भात शिजत होता. तिथेच मला बाजूला घेऊन पक्षाचे तालुकाध्यक्ष हळूच म्हणाले, "पोरी, श्रद्धांजली झाली की मी उमेदवार म्हणून तुह्यं नाव जाहीर करतो. तू फक्त हात जोडून उभी राह्यजो. बाकी आमी पाहून घेऊ."

"काका, बाबांना हे चाललं नसतं."

"बाबा आता आहे काय?" ते म्हणाले आणि स्वतःच रडू लागले.

ते रडणं खोटं नव्हतं. बाबांसोबत ते आयुष्यभर हिंडले होते. बाबांना खांदाही त्यांनी दिला होता. म्हणूनच त्यांना नाही म्हणणं मला जमत नव्हतं.

बाबा बोरी अरबकडच्या आमच्या गणातून पंचायत समितीवर निवडून जात. या वेळी ती जागा महिलांसाठी राखीव झाली होती. लोक घरी येऊन सांगत, लेक शिकलेली आहे, पुसदच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे, तिलाच उभी करा. बाबा म्हणत, "माह्या घरातली नाही. घराणेशाही म्हणून जल्मभर ज्याइले शिव्या देल्या, त्याइच्याच रांगेत बसू काय?" ते दुसरी बाई शोधत होते. शोध सुरू असतानाच गेले.

बाबांच्या सभेत माईक आधी मागे जायचा. सतरंजीच्या टोकाला, चपलांजवळ बसलेलं कुणीतरी बोलल्याशिवाय ते स्वतः बोलत नसत. लहानपणी मला त्या शांततेची भीती वाटायची. एकदा कापूस वेचायला जाणाऱ्या एका बाईच्या हातात त्यांनी माईक दिला आणि तिला तोंडच उघडेना. पोरं खिदळली. बाबा तिच्यापुढे खाली बसून राहिले. "बोल बाई, आमाले घाई नाही." बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "हापशीचं पाणी खारं लागते." एवढंच. मग बाबा उठले आणि भाषणाची सुरुवात त्या पाण्यापासूनच केली.

पुण्यानुमोदनाला तीच बाई मागे बसलेली मला मंचावरून दिसत होती. केस पांढरे झाले होते, जागा तीच.

त्रिशरण, पंचशील झालं. भाषणं सुरू झाली. प्रत्येक जण वारशाबद्दल बोलत होता आणि बोलताना माझ्याकडे बघत होता. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. हात जोडले तर बाबांचा शब्द मोडतो. नाही म्हटलं तर सगळ्या गावासमोर काकांची मान खाली जाते. शेवटी काका म्हणाले, "आता भाऊची लेक दोन शब्द बोलन," आणि माईक माझ्या हातात आला.

मी मंचावरून उतरले आणि माईक घेऊन मागे निघाले. मंडपवाला नवीन होता. बाबांच्या सभेला लांब वायर लागते हे त्याला ठाऊक नव्हतं. मंडपाच्या मध्यावरच वायर ताणली गेली. मी माईक पुढे धरून तशीच उभी राहिले. कुणी हलेना. काका मंचावरून मला परत बोलावत होते.

मग ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून, लोकांमधून वाट काढत माझ्यापर्यंत आली.

"पोरगी पाहा कशी मधातच अडकली," ती माईकमध्ये म्हणाली. "तिले कायले तरास देता? बाईच पाह्यजे ना? मी उभी राह्यतो."

हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "सही तरी येते काय, मावशे?"

"येते. तुह्यावानी दारू पेऊन करत नाही."

आता हशा दुप्पट झाला, पण ओरडणारा त्यात नव्हता. काकाही हसले नाहीत. ते माझ्याकडे पाहत होते; अजूनही मी हात जोडावेत असं त्यांचे डोळे सांगत होते. मी मान खाली घातली, मागे गेले आणि तिच्या रिकाम्या जागेवर, चपलांजवळ बसले. तिथून मंच फार लहान दिसतो.

काका खाली उतरून तिच्यापाशी आले आणि माईक मागू लागले.

तिनं दिला नाही.