वहिनीला हवं होतं म्हणून

नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात. आमचं छान पटतं. माझं वाजलं ते सख्ख्या भावाशी, आणि तेही वहिनीमुळेच. ते सांगायला बसलेय. सांगताना आवाज चढला तर चढू दे, मला त्याचं काही वाटत नाही.

वहिनी गाडी चालवायला शिकवते. ड्रायव्हिंग स्कूलची लहानशी गाडी, ब्रेक दोन्हीकडे. शिकणारा उजवीकडे, ही डावीकडे, पाय कायम आपल्या ब्रेकवर. स्टिअरिंग धरलं की रडू फुटणाऱ्या बायका, निवृत्तीनंतर हौस सुचलेले आजोबा, पहिल्याच दिवशी सगळं येतं असं समजणारी कॉलेजची पोरं, सगळ्यांना तिनं मार्गाला लावलं. पोरं तिला मागून ब्रेकबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कळलं तेव्हा आजार काखेपर्यंत पोचला होता. आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. स्तन पूर्ण काढला. मी सरळ स्तन म्हणते, कारण घरात दुसरं कुणी म्हणेना. दादा 'तो भाग' म्हणायचा. आमची मावशी, आईच्या माघारी घरात तीच मोठी, ती 'तसलं' म्हणायची. बाईचा अवयव कापून काढला तर चालतं, त्याचं नाव घेतलं की यांना लाज वाटते. सांगा आता.

केस परत आले तशी वहिनी कामावर गेली. डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून छातीवर तिरपा उतरतो. तिथं आता रेडिएशननं काळवंडलेली, ताणलेली कातडी, आणि कातडीखाली थेट बरगड्या. नवशिके तर बोलूनचालून नवशिके. मांजर आडवं गेलं, मार ब्रेक. कुणी हॉर्न दिला, मार ब्रेक. दर वेळी पट्टा करकचून बसायचा आणि ही ओठ घट्ट मिटून म्हणायची, "हरकत नाही, परत पहिला गिअर टाका."

मी शाळेत शिवण शिकवते. मी तिला एक उशी शिवून दिली, मऊ सुती कापड, आत कापूस आणि वजनाला थोडी मोहरी. पट्टा टोचायचा थांबला. पण एकदा एका बाईंनी वळणावर असा काही ब्रेक दाबला की उशी सरकून गळ्यापाशी आली. घरी येऊन वहिनी म्हणाली, "वन्सं, शिलाई तुमची चोख आहे हो. पण हिला लेन पाळायला शिकवायचं राहिलं." वन्सं असं ती मला फक्त चिडवायला म्हणते. आम्ही दोघी पोट धरून हसलो. आणि हसता हसताच ती म्हणाली, "मला तो परत हवाय. पोटाची कातडी आणि चरबी घेऊन नवा करता येतो म्हणे. मी करून घेणार."

मला वाटलं, घरातले म्हणतील, कर बाई. कसलं काय.

"जीव वाचला हे काय थोडं झालं?" दादा म्हणाला.

"आणि या वयात दाखवायचंय कुणाला?" ही मावशी. वर हळू आवाजात, पण वहिनीला ऐकू जाईल एवढ्या हळू, "आजार इतका पुढे गेलेला. उद्याचं काही सांगता येत नाही. कशाला पुन्हा सुरीखाली जायचं?"

म्हणजे बाईचे दिवस मोजायचे, आणि मोजून झाले की म्हणायचं, एवढ्याशा दिवसांसाठी कशाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा," मी म्हटलं, "स्कूटरवरून पडलास तेव्हा तुझाही जीव वाचलाच होता. तरी जबड्यात स्क्रू घालून पुढचे दोन दात बसवून घेतलेस. तेव्हा कुणी विचारलं का तुला, की या वयात कुणाकडे बघून हसायचंय?"

"दात चावायला लागतात."

"पुढचे? काय चावतोस रे पुढच्या दातांनी, ऊस?"

मावशी कडाडली. "दातांची आणि तसल्याची बरोबरी करतेस? जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

वहिनी तिथंच बसली होती. तिच्या शरीराविषयी तीन माणसं भांडत होती, त्यात मीही आले, आणि तिला विचारत कुणीच नव्हतं. ती उठली आणि उद्याचे कपडे इस्त्री करायला लागली.

दादा वाईट नाही. पण त्याला प्रत्येक गोष्टीला चारचौघांत सांगता येईल असं कारण लागतं. आठवडाभर गप्प राहून त्यानं ते शोधून काढलं. "आपण डॉक्टरांना पट्ट्याचं सांगू," तो म्हणाला. "कामावर त्रास होतो, म्हणून करायचंय. ते बरं दिसेल." मावशीनंही मान डोलावली. कामासाठी असेल तर गोष्ट वेगळी, म्हणाली. मला आणखीच राग आला. दुखतंय म्हणून मागितलं तर बाई शहाणी, हवंसं वाटतंय म्हणून मागितलं तर बाई थिल्लर. वहिनी मात्र हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही.

प्लॅस्टिक सर्जनच्या खोलीत आम्ही तिघं गेलो. त्यांनी वहिनीला तपासलं, रिपोर्ट वाचले आणि मान वर करून विचारलं ते दादाला. "तुमचं काय म्हणणं आहे?"

स्तन हिचा, पोट हिचं, आणि म्हणणं याचं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादानं पाठ केल्यासारखं पट्ट्याचं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर मान हलवत म्हणाले, "कामाची अडचण असेल तर समजू शकतो."

"पट्ट्याचं खरं आहे," वहिनी म्हणाली. "पण पट्ट्याला नणंदेनं शिवलेली उशी पुरते. त्यासाठी कुणी पोट कापून घेत नाही."

"अगं," दादा पुटपुटला.

"मग कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं. या वेळी तिला.

"मला हवाय. आंघोळ करताना खाली बघते तेव्हा मला तो तिथं हवाय. याला नवऱ्याचं कारण नको आणि नोकरीचंही नको."

दादा मान खाली घालून बसला. डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. माणूस सरळ होता, बोलला तेही सरळच. ऑपरेशन मोठं आहे, पोटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत व्रण राहील, नव्या स्तनाला स्पर्श फारसा कळणार नाही. "आणि तुमचा आजार बराच पुढचा होता. तो उलटू शकतो. दोन-तीन वर्षांत उलटला, तर एवढं सगळं कशाला केलं असं तुम्हाला वाटेल."

"दोन-तीनच वर्षं असतील," वहिनी म्हणाली, "तर तीही अर्धीच का काढू?"

डॉक्टरांनी रिपोर्ट गोळा केले. कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून घेतो म्हणाले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी तारीख कळवली.

ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक कड काळी पडली, ती पुन्हा कापून शिवावी लागली. कितीतरी दिवस वहिनी कमरेतून वाकून चालायची आणि शिंक आली की पोट धरून मला शिव्या द्यायची, जशी काही शिंक मीच पाठवली होती. टाके निघाल्यावर तिनं मला बोलावलं, दार लावलं आणि दाखवला. "नवशिक्यानं लावलेल्या गाडीसारखा आहे," म्हणाली. "जरा तिरका, पण रेघेच्या आत." मग आरशासमोर उभी राहिली, आणि बराच वेळ हललीच नाही. मला रडू आलं.

ती पुन्हा गाडीत जाऊन बसली. कितीजणांना तिनं पुढं लायसन्स मिळवून दिलं. आणि मग तिची पाठ दुखायला लागली. तपासण्या झाल्या. आजार हाडांत उतरला होता.

आता गोळ्या चालू आहेत, इंजेक्शनं चालू आहेत, क्लास बंद आहे. गेल्या रविवारी मावशी भेटायला आली. मी चहा टाकायला आत गेले. मावशीनं खुर्ची पलंगाजवळ ओढली, वहिनीचा हात हातात घेतला आणि उसासा टाकून म्हणाली, "एवढं चिरून घेतलंस पोरी. शेवटी काय, वायाच गेलं ना सगळं."

मी तशीच बाहेर आले. आज हिला सोडत नाही, म्हटलं.

वहिनीनं हात हळूच सोडवून घेतला. "वाया कसं जाईल, मावशी? तीन वर्षं वापरलं. अजून वापरतेय."

मी काही बोलायच्या आत पलंगाच्या पायथ्याशी बसलेला दादा उठला. त्यानं टेबलावरची मावशीची पर्स उचलून तिच्या हातात दिली, आणि जाऊन दार उघडून उभा राहिला.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. "अरे, पण ही चहा टाकतेय ना?"

"तो आम्ही पिऊ," दादा म्हणाला.