पान्याची सुट्टी

शनिवार, ४ ऑक्टोबर २००३. खंडेनवमी. सकाळी सव्वानऊ वाजता मखमलाबादच्या घरासमोर दाजींनी पिकअपची किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीला आम्ही सगळे माई म्हणतो. दाजींच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप सुटला होता. डॉक्टरांनी गाडी चालवणे बंद केले होते, आणि मुलाने, सुनीलने, अखेर ती विकायचे ठरवले होते. कळवणकडचा एक शेतकरी दसऱ्याच्या सकाळी ती घेऊन जाणार होता. दाजींनी विरोध केला नाही. त्यांचे मागणे एकच होते. गाडी आपल्या हाताने चालू करायची आणि चालत्या स्थितीत त्याच्या स्वाधीन करायची.

"नाही झाली सुरू तर तो दोर लावून नेईल, आण्णा. त्याला मी सांगितलंय," सुनील म्हणाला.

"मेलेलं जनावर दोर लावून ओढत्यात," दाजी म्हणाले. "ही मेली नाय."

हा मनुष्य मुळात हट्टी. सगळा नाशिक जिल्हा डिझेलवर गेला तरी यांनी पेट्रोलची जुनी पिकअप सोडली नाही. गिरणाऱ्याचे टोमॅटो, मखमलाबादची द्राक्षे, लग्नसराईत मंडपाचे बांबू, सगळे तिच्यातून वाहिले. डिझेलची गाडी घ्या असे कोणी सुचवले की ते म्हणत, "डिझेलची गाडी म्हंजे शेजारणीचं भांडण. सकाळी सुरू झालं की दिवसभर तेच." ही गाडी गॅरेजला त्यांनी क्वचितच दाखवली. प्लग बदलणे तर त्यांनी कधीच दुसऱ्याकडे दिले नाही. ते काम घरी, अंगणात, सकाळच्या गार इंजिनावर, अंघोळ करून.

प्लग काढला की ते तो उजेडाकडे धरत आणि वैद्याने रोग्याची जीभ पाहावी तसे त्याचे टोक पाहत. त्याला ते जीभच म्हणत. काळी काजळी असली तर "हिला खायला जास्त होतंय", पांढरे पडले असले तर "ताप हाय अंगात", आणि विटकरी रंग असला तर काही न बोलता प्लग खाली ठेवत. मी न्यायालयात नाझर होतो म्हणून मला ते चेष्टेने रावसाहेब म्हणत. "रावसाहेब, तुमच्या कोर्टात माणूस तारखेवर तारीख घेतो आणि खोटं बोलतो. हिची जीभ बाहेर काढली की एका मिनिटात खरं."

मी म्हणे, "तुमच्या गाडीला वकील मिळालेला नाही, म्हणून."

नव्या चार प्लगांचा एक संच घरात नेहमी असे, आणि तो तांदळाच्या डब्यात असे, दमट हवा लागू नये म्हणून. त्यावरून माई त्यांना आयुष्यभर बोलत राहिली. "एक दिवस पाहुण्यांच्या पानात भाताबरोबर प्लग पडणार आहे." दाजी उत्तर देत, "पडला तर पाहुण्याला सांग, चावू नको, गॅप बिघडंल."

प्लग बसवताना मात्र ते कोणाला बोलू देत नसत. त्यांचा नियम असा की पहिले आटे बोटांनीच धरायचे, पाना लावायचा नाही. पान्याला जोर असतो, समज नसते. तो वाकड्या आट्यातही प्लग दामटतो आणि इंजिनाच्या माथ्यातले आटे कायमचे जातात. "आटा डोळ्याला दिसत नाय, बोटाला दिसतो," हे त्यांचे शब्द. बोटांनी प्लग तळाला टेकेपर्यंत फिरवायचा. मग पान्याने थोडासा आवळायचा. "पाना फक्त निरोप सांगायला," असे ते म्हणत.

हत्यारांवर त्यांचा जीव होता, पण तो वर्षातून एकदाच उघड होई. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळे पाने, पकडी, हातोडे रॉकेलने धुऊन, पुसून ठेवले जात. नवमीला पहाटे ते पाटावर मांडले जात. हळद-कुंकू, झेंडूची फुले. त्यानंतर दसऱ्याला सोने लुटून येईपर्यंत त्यांना कोणी हात लावायचा नाही. ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे, पण दाजींइतकी कोणी पाळलेली मी पाहिली नाही. एका वर्षी नवमीला स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो दिवसभर गळू दिला. माईने खाली घागर ठेवली आणि भरली की बदलत राहिली.

तर त्या सकाळी गाडी सुरू झाली नाही, आणि हत्यारे पाटावर होती.

दोष कोठे आहे ते दाजींना तत्काळ कळले, कारण तो त्यांच्याच हातून झाला होता. आदल्या संध्याकाळी त्यांनी गाडी बराच वेळ चालू ठेवून तिचा आवाज ऐकला होता. मग पूजेसाठी ती धुवायला घेतली. बॉनेट उघडे होते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी मारू नये, हे त्यांनी गावातल्या प्रत्येक गाडीवाल्याला ऐकवले होते. पण कापणाऱ्या हातातली पाण्याची नळी वळली आणि धार थेट प्लगांवर गेली. प्लगांची चिनीमाती तडकली. माई जवळच उभी होती. तिने मला नंतर सांगितले की ते नळी तशीच धरून उभे राहिले आणि तोटी बंद करायचेही त्यांना सुचले नाही.

"पाना शेजारून आणतो," सुनील म्हणाला आणि गेला. शेजारचा फिटर, पलीकडचा पंपवाला, नाक्यावरचे गॅरेज. अर्ध्या तासाने तो रिकाम्या हाताने परतला.

"सगळ्यांचे पाटावर आहेत, मामा. गॅरेजवाला म्हणतो, उद्या सोनं द्यायला या आणि पाना घेऊन जा."

दाजी हसले. "बरोबर हाय त्याचं."

"मग आपलाच घ्या ना, आण्णा. तो माणूस उद्या सकाळी सातला येणार."

दाजी आत गेले. मी त्यांच्या मागोमाग गेलो. ते पाटासमोर मांडी घालून बसले आणि बराच वेळ त्या मांडणीकडे पाहत राहिले. माई दारात उभी होती.

"घ्या," ती म्हणाली. "देवाला कळतं सगळं."

"देवाचं नाय गं मी म्हणत. देव समजून घेईल. पण ह्याला वर्षातून एकच सुट्टी हाय," त्यांनी पान्याकडे बोट केले. "तीबी मी खाल्ली."

त्यांनी हात जोडले. काही पुटपुटले, ते मला ऐकू आले नाही. मग प्लगचा पाना तेवढा उचलला. त्याच्यावरचे फूल बाजूच्या हातोड्यावर ठेवले. कुंकू पुसले नाही.

जुने प्लग काढायला त्यांना अडचण आली नाही. जोर होता. चारही प्लग काढून त्यांनी क्रमाने फडक्यावर ठेवले. दोन तडकलेले निघाले. तरी सवयीने त्यांनी प्रत्येकाचे टोक उजेडात धरले. चारही विटकरी होते. "पोट साफ हाय हिचं," ते म्हणाले. "त्याला सांगा उद्या. कळवणवाल्याला."

नवा प्लग त्यांनी भोकावर धरला आणि तो थरथरला. आटा धरेना. त्यांनी डाव्या हाताने उजवे मनगट पकडले. तरी धरेना. डावा हात एकट्याने लावून पाहिला, पण त्या हाताला ते काम ठाऊक नव्हते. तिसऱ्या की चौथ्या खेपेला प्लग निसटला आणि फरशीवर पडून घरंगळत माझ्या पायाशी आला. मी उचलून दिला. त्यांनी त्याची गॅप, म्हणजे टोकाची फट, तपासली, बंपरवर हलके ठोकून सारखी केली, आणि पुन्हा प्रयत्न केला.

"आण्णा, रबरी नळीच्या टोकात धरून बसवू. तशी युक्ती असते," सुनील म्हणाला.

"नळीला काय कळतं?"

"मग मी बसवतो."

"तू दामटशील. तुला घाई हाय."

सुनील आत निघून गेला. तो चिडला नव्हता. त्याला पाहवत नव्हते.

दाजी बंपरला टेकून उभे राहिले. सदरा घामाने भिजला होता. बरेच दिवस मी त्यांच्या चेहऱ्याकडे सरळ पाहण्याचे टाळत होतो. त्या वेळी पाहिले.

"रावसाहेब," ते म्हणाले, "जरा इकडं या. तुमचा हात द्या."

"मला यातलं काही येत नाही, दाजी."

"म्हणून तर. तुम्ही जोर करणार नाय."

मी कोटाची बाही मागे घेतली. त्यांनी प्लग माझ्या बोटांत दिला आणि आपली दोन बोटे माझ्या मनगटावर टेकवली, नाडी पाहावी तशी. "आधी उलटा फिरवा. हळू. फिरवत राहा. टक् करून खाली बसंल. तिथं थांबा."

मी उलटा फिरवला. प्लग एका जागी किंचित खाली उतरला. आवाज मला ऐकू आला नाही. बोटांना समजला.

"बसला," मी म्हणालो.

"मला कळलं," ते म्हणाले. त्यांची बोटे मनगटावर थरथरत होती, पण कळले होते. "आता सुलटा."

चारही प्लग तसेच बसवले. शेवटचा थोडासा पीळ त्यांनी स्वतः पान्याने दिला. वायरी लावल्या. मग ते चालकाच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली. गाडी दोनदा घरघरली आणि सुरू झाली. त्यांनी ती ऐकली, मान एका बाजूला कलती करून. माई ओट्यावर आली होती. तिने पदर तोंडाला लावला होता.

"बास," दाजी म्हणाले आणि गाडी बंद केली. "आपल्या हातानं म्हणालो हुतो. निम्मा हात तुमचा लागला, रावसाहेब."

मी मागे घेतलेली बाही खाली केली.

पुढचे थोडक्यात लिहितो. दसऱ्याच्या सकाळी गाडी गेली, चालत गेली. कळवणच्या माणसाने पेढे आणले होते. दाजींनी एक घेतला. त्यानंतर ते अंगणात बसत, पण खुर्ची घराकडे तोंड करून ठेवत. संक्रांतीच्या आधी ते गेले. झोपेत गेले, त्रास झाला नाही, असे सगळे म्हणाले. मी खांदा दिला. रडणे मला जमत नाही, त्या दिवशीही जमले नाही. माईने पुढच्या नवमीला हत्यारे मांडली. सुनील अजून मांडतो. मी वयाने त्या वेळच्या दाजींच्या पुढे गेलो आहे. बरणीचे झाकण लावायचे असले तरी मी ते आधी उलटे फिरवतो, आणि ते टक् करून बसले की थोडा वेळ तसाच उभा राहतो. सूनबाई विचारते, "बाबा, लागत नाही का?" मी लागले म्हणतो.

त्या दिवसाचे एवढेच सांगायचे राहिले. पाना धुऊन जागेवर गेला. जेवणे झाली. उन्हे उतरल्यावर मी घरी निघालो, तर दाजी अंगणात उतरलेले दिसले. गाडी नेहमीप्रमाणे घराकडे तोंड करून उभी होती. ते म्हणाले, "उद्या त्याला मागं घेताना तुळशीचा कट्टा लागंल. नवा माणूस हाय. त्याला अंदाज नाय."

सुनील पुढे झाला. दाजींनी त्याला हातानेच थांबवले आणि स्वतः बसले. डॉक्टरांनी मना केले होते, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. त्यांनी गाडी मागे घेतली, वळवली, पुन्हा मागे घेतली. स्टिअरिंगवर हात कापत होता, गाडी कापत नव्हती. तिचे तोंड रस्त्याकडे झाले. ते खाली उतरले, कुंपणाजवळचा एक दगड उचलून आणला, वाकले, आणि मागच्या चाकाखाली सारला.