चंद्राआधीची घंटी

रोज दिवेलागणीला तळेगावच्या अनुसयाबाई फोनपाशी बसत, आणि वाजला तरी उचलत नसत. कारंज्याला दिलेल्या लेकीची, छायाची, ती खूण होती. एक घंटी वाजून फोन थांबला तर बरं आहे. दोन वाजल्या तर मला घेऊन जा. ही शक्कल अण्णाजींची, म्हणजे छायाच्या बापाची. उभी नोकरी वर्ध्याच्या तारघरात. लढायांमधल्या गुप्त तारा कुणी कशा फोडल्या, हे जेवता जेवता सांगून त्यांनी बायकोचे कान किटवले होते. पण जावई हात उचलतो आणि छाया फोनवर बोलताना शेजारी उभा राहतो, हे कळलं तेव्हा तीच विद्या कामी आली.

दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर दोन घंट्या वाजल्या. छायाचा भाऊ प्रफुल धावत गेला. जावयानं, भूपेंद्रनं, मेहुण्याला चहा पाजून, गोड बोलून वाटेला लावलं. नवऱ्यादेखत छाया काही बोलली नाही. न बोलावता हा दारात आला कसा, हे मात्र त्या बेरक्यानं मनात धरलं, आणि छायाच्या फोनवर डोळा ठेवला. मग रोज एकच घंटी. अण्णाजी निर्धास्त झाले. अनुसयाबाईंचा जीव टांगणीलाच होता.

त्या दिवशी संकष्टी होती. दिवे लागले आणि एक घंटी वाजली. अण्णाजींनी समाधानानं पेपर उघडला. अनुसयाबाई अंगणात जाऊन आभाळ पाहून आल्या. मायलेकी दोघीही संकष्टी धरत. लग्नाआधी एका ताटात उपास सोडायच्या. लग्नानंतर त्या दिवशी छाया चंद्र पाहूनच घंटी देई, मग इकडे आईचा घास. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. अण्णाजींच्या शकलीत तर नव्हतंच.

“हे घंटी छायाची नाई,” त्या म्हणाल्या. “चंद्र निघायचा हाये अजून.”

अण्णाजींनी पेपर खाली ठेवला. शत्रूला खूण कळली की तो तार अडवत नाही, त्याच खुणेनं खोटी तार पाठवतो, हे त्यांनीच हजारदा सांगितलं होतं. ते चपला शोधू लागले.

शेजारच्या नत्थूची जीप काढली. कारंज्याला दार भूपेंद्रनं उघडलं.

“झोपली ते,” तो म्हणाला. “मंगाशी घंटी तं देली ना तुमाले.”

घंटीचं गुपित सासरी छायाशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. अनुसयाबाई त्याला ढकलून आत शिरल्या. मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती काढली, तर ओठ सुजलेली छाया भिंतीला टेकून बसलेली.

“आई, चंद्र निघाला का?” तिनं विचारलं.

“निघाला,” अनुसयाबाई म्हणाल्या. “चाल घरी, संगं जेवू.”