गोणपाटात दहा फोटो

बुद्धप्रिया सोनकांबळेकडून बियाणं विकत घेणं सोपं नव्हतं. लातूरच्या एका बियाण्यांच्या दुकानात ती चार वर्षं काउंटरवर उभी होती. सोयाबीनची पिशवी मागायला कुणी आलं की ही बया आधी विचारायची, "घरचं बी हाय का?" हाय म्हटलं की सांगायची, "मग शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठ दिवसांनी मोजा. सत्तर उगवले तर घरचंच पेरा." मालक कपाळावर हात मारून घ्यायचा. ती मात्र माणसाचं नाव, गाव, फोन आणि नंतर कळलेला उगवणीचा आकडा वहीत लिहून ठेवायची.

यंदा एका बियाणं कंपनीची जाहिरात आली. नांदेड-लातूरच्या गावांत फिरून विक्री करायला माणूस पाहिजे, पगार काउंटरच्या दुप्पट. आणि खाली एक ओळ होती, सेल्सचं सर्टिफिकेट असल्यास प्राधान्य.

त्या ओळीनं तिची जेवणावरची वासना उडवली. लातुरातच सहा महिन्यांचा तसा कोर्स होता, फी बेचाळीस हजार. प्रवेशाची पावती दाखवली तरी मुलाखतीत वजन पडतं, असं क्लासवाले सर छातीठोक सांगत होते. तिच्याजवळ चव्वेचाळीस हजार होते. किल्लारीहून रोज जीपच्या मागच्या फळीवर अंग चोरून येणाऱ्या या बाईनं जुन्या स्कूटीसाठी तीन वर्षं साठवलेले.

"आई, भरू का?" तिनं पंचफुलाबाईंना विचारलं. "गाजराची पुंगी समजायची. वाजली तर वाजली."

"आन् न्हाई वाजली तर? बेचाळीस हजाराची पुंगी मोडून खाती का?" पंचफुलाबाई म्हणाल्या. "लोकाला जे सांगत फिरतीस ते आपलं आपण कर की. घाल गोणपाटात."

आता कागद कसा घालायचा गोणपाटात? पण पोरीच्या डोक्यात उजेड पडला. क्लासच्या भिंतीवर 'आमचे यशस्वी विद्यार्थी' म्हणून दहा फोटो लावलेले होते. दुसऱ्याच दिवशी जाऊन तिनं दहाही नावं उतरवली आणि सरांकडे त्यांचे नंबर मागितले.

"एवढी चौकशी कुणी करत नाही, मॅडम," सर जरा घुश्शातच म्हणाले.

"म्हणूनच करतेय, सर."

नंबर मिळाले. दोघांनी फोन उचललाच नाही. एक जण त्याच क्लासात फी गोळा करायला बसला होता. तिघांना नोकरी आधीच होती, सर्टिफिकेट मागून आलं. चौघांना मात्र ते खरोखर कामी आलं होतं. त्यांतली एक फरीदा, नांदेडला दवाखान्यांना यंत्रं विकणारी. ती मोकळेपणानं बोलली. "कागदानं दार उघडलं, बहन, खोटं कशाला बोलू? पण तेव्हा बाजारात मला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं, म्हणून कागद लागला. तुला कोण ओळखतं ते बघ आधी."

दहातले चार. चाळीस टक्के उगवणीचं बी तिनं कुठल्या शेतकऱ्याला पेरू दिलं असतं? तिनं पैसे भरले नाहीत, नुसता नोकरीचा अर्ज केला. पण भीती काही गेली नाही. त्या एका ओळीपायी दार बंद झालं, तर जन्मभर आपणच आपल्याला बोल लावू, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नांदेडच्या कार्यालयात मुलाखत होती. कंपनीचे सिद्धलिंग साहेब उदगीरकडचे, बोलायला मोजके.

"सर्टिफिकेट?"

"न्हाई, सर." तिनं वही पुढे केली. "हे हाय."

साहेबांनी पानं चाळली, मधल्याच एका नावावर बोट ठेवलं आणि फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडे केवळाबाई नावाची शेतकरीण होती.

"बुद्धप्रियाला ओळखता का?"

"ती दुकानातली? तिनं मला बी देलंच न्हाई. पैसे घिऊन गेलते, तर माघारी धाडलं."

साहेबांनी मान वर करून बुद्धप्रियाकडे पाहिलं. वहीतल्या चारशे नावांतून नेमकी हीच निघावी?

"मग तुम्ही परत कशाला जाल तिच्याकडे?"

"कशाला म्हंजे? त्या साली माझं घरचं ब्याऐंशी उगवलं. पैसे वाचले की माझे. पुढल्या साली बी भिजलं, पंचावन्नावर आलं, तवा पाच पिशव्या तिच्याकडूनच नेल्या. आमच्या गल्लीत तिला इचारल्याबिगर कोणी पिशवी उचलत न्हाई. का हो साहेब, तिला कामावरून काढलं का काय?"

"नाही, मावशी," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. मग वही मिटून त्यांनी तिच्या हातात दिली. "सर्टिफिकेट वर्षभरात करून घ्या, निम्मी फी कंपनी देईल. पण काम गावोगाव फिरायचं आहे. एक तारखेपासून दुचाकी लागेल. आहे का?"

बुद्धप्रियानं पर्समधल्या पासबुकावर हात ठेवला.

"आत्ता न्हाई, सर," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत घेते."