जनीच्या चढाया

मी काय केलं, हे बायकोलाही ठाऊक नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आमच्या शाळेला जिंकवून दिलं ते जनीनं, डोंगराकडच्या कातकरवाडीतल्या पोरीनं. कागदावर तिचं नाव नव्हतं. कागद मी केले होते.

मी शाळेचा खेळाचा मास्तर. संस्थेच्या अध्यक्षांना आम्ही भाऊ म्हणतो. खेळानं, शिक्षणानं गोरगरीब वर येतो, हे त्यांचं भाषण मला तोंडपाठ. अगदीच खोटंही नाही. वाडीतल्या पोरी शाळेत टिकल्या त्या कबड्डीमुळं. मीही कोळ्याचा, भाऊंच्याच संस्थेत फुकट शिकलो, तिथंच चिकटलो.

सामन्याआधी भाऊंनी ऑफिसात बोलावलं. पुतणीचं नाव संघात घाल म्हणाले. पुढं नोकरीला उपयोगी पडेल. तिला धड धावता येत नव्हतं. खेळणार कोण, मी विचारलं.

"जनी खेळेल की. तिला नाव काय करायचंय? अरे मास्तर, मासळीच्या पाट्या उचलत होतास. खुर्ची कुणी दिली तुला?"

शिपाई चहा घेऊन उभा. त्याच्यासमोर. मी यादीत पुतणीचं नाव घातलं.

ओळखपत्रावर नाव पुतणीचं, फोटो जनीचा. डिंक मीच लावला. पंचांनी विचारलं तर हेच नाव सांग, हेही मीच शिकवलं. शेवटच्या चढाईत जनीनं दोघींना बाद केलं. लाऊडस्पीकरवर पुतणीचं नाव.

मग शाळेत सत्कार. पुतणी नवाकोरा ट्रॅकसूट घालून आली, प्रमाणपत्र घेतलं. खेळली जनी, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. टाळ्या वाजल्या. फोटोसाठी जनी रांगेत शिरली, तर भाऊंचा एक कार्यकर्ता म्हणाला, "तू खाली उतर गं. बाटल्या गोळा कर."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. नाडी सुटलेली नव्हती.

काही वर्षांनी ती एसटी स्टँडवर भेटली. न्हावा शेव्याकडं कंटेनरच्या गोदामात झाडू मारत होती.

"सर, भरतीला गेलते मी. खेळाचा दाखला मागतात. माझा हाय का कुठं?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. बघतो म्हणालो. बघितलं नाही.

गेल्या महिन्यात पुतणीची खेळाडू कोट्यातून निवड झाली. पडताळणीला प्रशिक्षकाचं पत्र लागतं. भाऊंनी ते टाइप करूनच ठेवलं होतं. सही कर म्हणाले. मी पेन उघडलं आणि तोंडातून निघून गेलं, "भाऊ, खेळली ती जनी."

"कोण जनी?"

नाटक नव्हतं ते. त्यांना आठवतच नव्हती.

पेन बंद केलं. सही होणार नाही म्हणालो. उठलो.

खोटं ओळखपत्र मी बनवलं, हे लिहून क्रीडा कार्यालयात देणार आहे. नोकरी जाईल. जाऊ दे. जनीची नोकरीच्या वयाची वर्षं मी खाल्ली, ती कुठल्या अर्जानं परत येत नाहीत. तिच्यासमोर उभं राहून हे सगळं सांगायचंय, आणि ती जे बोलेल ते ऐकायचंय. तिच्या नावाचा दाखला मी तिला देणं लागतो. अजून दिलेला नाही.