काळी चारचा पंखा

मालतीचा फोन आला की पलीकडून आवाज येत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ती नुसती कुजबुजते आणि कुजबुज फोनमधून लोणी काळभोरपर्यंत पोचत नाही. म्हणून आमची एक पद्धत ठरलेली होती. नंबर ती लावायची, मी "हॅलो" म्हटलं की बांगडीने रिसीव्हरवर दोनदा टकटक करायची, आणि मग दत्ता फोन हातात घेऊन म्हणायचा, "हं आक्का, बोल." जसा काही मीच फोन केला होता. सहा आठवड्यांपूर्वी सकाळी साडेसातला फोन वाजला. दोनदा टकटक झाली. मी थांबले. पुन्हा दोनदा झाली, आणि मग ती थांबेचना... मी म्हटलं, "मालती, दत्ताला दे." टकटक चालूच. मी फोन ठेवला आणि मुलाला गाडी काढायला सांगितलं. हडपसरच्या गर्दीत अडकलो तेव्हा तो म्हणाला, "काही नसेल गं आई, फोन बिघडला असेल." कसब्यात त्यांच्या घरी पोचलो तेव्हा दाराबाहेर वीसेक चपला होत्या. दत्ता झोपेतच गेला होता.

दत्ता माझा धाकटा भाऊ. कसबा पेठेत आयुष्यभर त्याने पेट्या दुरुस्त केल्या, म्हणजे हार्मोनियम. तो फार प्रेमळ होता वगैरे मी लिहिणार नाही, ज्यांनी त्याच्याकडे पेटी टाकली आहे त्यांना ते खरं वाटणार नाही. एकदा माझ्यासमोर एका गृहस्थांनी विचारलं, "पेटी कधी मिळेल?" दत्ता म्हणाला, "सुरात आली की." "तरी अंदाज?" "पाच वर्षं बेसूर वाजवलीत, तेव्हा घाई नव्हती. आता कशाला?" गृहस्थ पेटी तिथेच ठेवून गेले, कारण दत्ताच्या कानाला पुण्यात तोड नव्हती. लहानपणी आम्ही गिरणीत दळण न्यायचो तेव्हा तो पट्ट्याच्या आवाजावरून सांगायचा, की आता बाजरी चालू आहे की गहू. मी त्याला खोटं पाडायला आत जाऊन बघायची. कधीच खोटा पडला नाही. पुढे त्याचं जे चुकलं ते याच कानामुळे चुकलं, म्हणून हे सांगितलं.

मालती, त्याची बायको, गाणारी. मैफली वगैरे तिने केल्या नाहीत. घरी मुलींना शिकवायची, देवळात भजनं म्हणायची. पण तिच्या आजीकडून आलेली काही भजनं तिच्याजवळ होती, ती कुठे छापलेली नाहीत आणि दुसऱ्या कोणाला येतही नाहीत. तिच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, काढावीच लागेल, आवाज राहील की नाही सांगता येत नाही. दोन आठवड्यांनंतरचा शुक्रवार ठरला. मी घरकामाला म्हणून लोणीहून त्यांच्याकडे राहायला गेले. तिसऱ्या दिवशी दत्ता म्हणाला, "तिचा आवाज उतरवून ठेवायचा. शुक्रवारच्या आत."

कॅसेटी होत्या घरात, पण त्यांत कढईत काहीतरी तळत असल्यासारखी खरखर, आणि दोन पावसाळ्यांत बुरशी धरायची. स्टुडिओत तिला पूर्वी एकदा नेलं होतं. काचेपलीकडचा माणूस हात वर करून खुणा करायला लागला आणि तिचा गळा मिटला तो मिटलाच. तेव्हा मालतीकडे रविवारी सुजाता नावाची एक बाई शिकायला यायची. नागपूरकडची, हडपसरला कॉम्प्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. ती म्हणाली, आता घरच्या कॉम्प्युटरवर गाणं उतरवता येतं, पण तयार मिळतो तो उपयोगाचा नाही, एकेक भाग निवडून जोडायला हवा. तिने मराठीत यादी लिहून दिली. मदरबोर्ड, प्रोसेसर, हार्ड डिस्क, आवाजाचं चांगलं कार्ड, असं बरंच. शेवटी लिहिलं होतं, 'प्रोसेसरवरचा पंखा, शांतात शांत', आणि त्याखाली दोन रेघा. प्रोसेसर तापतो, त्याच्यावर वारा लागतो, आणि त्या पंख्याचा आवाज माईकमध्ये जातो. मशीन दुसऱ्या खोलीत ठेवावं म्हणाली. दीड खोलीत दुसरी खोली कुठली आणायची?

तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानात दत्ता भांडेल म्हणून मालतीने मला बरोबर धाडलं. बाकीचे भाग त्याने यादीप्रमाणे निमूट घेतले. पंख्यापाशी अडला. दुकानदाराला म्हणाला, "आहेत तेवढे चालू करून दाखवा." दुकानदाराने पाच-सहा काढले. दत्ताने खिशातून पेटीतली पितळी पट्टी काढली, जिला पेटीवाले सूर म्हणतात, ती ओठांत धरून फुंकली आणि पंख्याला कान लावला. पुन्हा फुंकली. गिऱ्हाइकं बघायला लागली.

"काका, हा कॉम्प्युटरचा पंखा आहे. तंबोरा नाही."

"म्हणून तर तपासतोय. तंबोरा असता तर तुमच्याकडे आलो असतो का?"

"तो दुसरा घ्या, आवाजच नाही त्याला."

"आहे. तुम्हाला ऐकू येत नाही. पुढचा लावा."

चौथा पंखा लावला आणि दत्ताचा चेहरा उजळला. मालती काळी चारमध्ये गायची, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. तो पंखा काळी चारमध्ये घुमत होता. रविवारी सुजाता जोडायला बसली आणि पंखा पाहून म्हणाली, "काका, हे काय करून राहिले तुम्ही? मी शांत लिहिलं होतं." दत्ता म्हणाला, "शांत पंखा नसतोच. जो आवाज बंद होणार नाही, तो निदान सुरात पाहिजे." त्याने पंखा चालू करून मालतीला गुणगुणायला लावलं. सूर असा मिळाला, की कुठला पंखा आणि कुठली मालती ते मला कळेना. मालती हसली. मलाही पटलं. सुजाता एकटी मान हलवत राहिली, पण दत्ताशी वाद घालणार कोण? पंखा बदलायला वेळही नव्हता, आवाजाचं कार्ड मशीन ओळखतच नव्हतं. तीन ठिकाणी खुपसून बघितलं तेव्हा संध्याकाळी कुठे ते चालू झालं.

सोमवारी मालतीचा गळा सुजला. मंगळवारी ती पाण्यावर होती. गुरुवारी पेठेत दिवसभर वीज नसायची आणि संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. उरला बुधवार. त्यातही घराखालच्या तांबट आळीतले हातोडे दुपारी एक ते अडीच जेवणासाठी थांबतात, तेवढाच वेळ. आम्ही खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून दत्ताने ते जिन्यात नेऊन ठेवलं. मला म्हणाला, "आक्का, श्वास हळू घे." मी म्हटलं, "घेतच नाही." त्याला हसू आलं नाही. एक वाजला, हातोडे थांबले. मालतीने तंबोरा घेतला आणि खुंट्या सैल करायला लागली.

"काय करतेस?" दत्ताने विचारलं.

"अहो, काळी चार नाही लागत आज. पांढरी पाच घेते."

पांढरी पाच म्हणजे शेजारचीच पट्टी, अर्धा सूर खाली. तिने तंबोरा छेडला, वर पंखा काळी चारमध्ये घुमत होता, आणि दोन्ही मिळून ताटावर चमचा घासल्यासारखं अंगावर आलं. तिने दोनदा सुरुवात केली. दोन्ही वेळा पंख्याने तिला वर ओढलं, आणि वर गेल्यावर आवाज फाटला. ती म्हणाली, "बंद करा ना ते. माझ्याने नाही होत." एवढ्या वर्षांत कधी दत्ताला काय करावं सुचलं नाही असं मी पाहिलेलं नव्हतं... मग त्याने सुजाताला ऑफिसात फोन लावला. ती म्हणाली, पंखा काढू नका, प्रोसेसर जळेल. दत्ता म्हणाला, "किती मिनिटांत?" ती म्हणाली, "काका, मी सांगू शकत नाही. चार, फार तर पाच. आणि सेव्ह व्हायच्या आत बंद पडलं, तर त्यातलं काही हाती लागणार नाही."

त्याने मशीनचं झाकण उघडलं. प्रोसेसरवर पंखा बसतो तिथे खाली ॲल्युमिनियमच्या पात्या असतात. मला म्हणाला, "आक्का, यावर बोट ठेव. चटका सोसेना झाला की हात वर कर, मी लगेच थांबवतो." स्वतः कानावर हेडफोन लावून बसला. पंख्याची वायर काढली. खोलीत इतकी शांतता झाली, की खाली कोणीतरी जेवताना भांडं सरकवलं तेही ऐकू आलं. मालतीने पहिलं भजन म्हटलं, तीन मिनिटांचं. पात्या गरम झाल्या, तेवढंच. सेव्ह केलं, पंखा लावला, निवू दिलं. दुसरं चार मिनिटांचं. शेवटी शेवटी बोट भाजायला लागलं, पण निभावलं. पुन्हा निवू दिलं. दोन वाजून गेले होते.

तिसरं आजीचं मोठं भजन. तीन अंतरे, सात मिनिटं. दत्ता म्हणाला, "दोनच अंतरे गा. तिसरा सोड." मालती म्हणाली, "बघते."

दुसरा अंतरा संपला तेव्हाच मला हात वर करायला हवा होता. एक बोट भाजलं म्हणून मी दुसरं ठेवलं, मग तिसरं. मालती थांबली नाही. डोळे मिटून तिने तिसरा अंतरा उचलला, आणि दोन दिवस पाण्यावर असलेल्या बाईचा आवाज असा लागला, की... काय लिहू, मला गाण्यातलं कळत नाही. एवढंच कळलं, की मी हात वर केला तर हे पुन्हा कधी होणार नाही. मी तळहाताची कड पात्यांवर दाबून धरली. हाताने थोडी उष्णता ओढली जाईल असं काहीतरी डोक्यात आलं. वेडेपणा होता. वास यायला लागला, तो माझ्या हाताचा की मशीनचा, कळेना. दत्ताचं लक्ष पडद्यावर होतं. मी चेहरा हलू दिला नाही.

भजन संपलं. तंबोऱ्याची शेवटची आस, म्हणजे छेडल्यावर रेंगाळणारा नाद, अजून खोलीत होती. दत्ताने मान वळवली आणि माझा हात पाहिला. म्हणाला, "आक्का, हात काढ."

मग त्याने सेव्हवर क्लिक केलं. पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं, ते बराच वेळ तसंच राहिलं. गेलं. आणि पाठोपाठ पडदा काळा झाला. पंखा लावला, बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मशीन चालू झालं नाही. खालून हातोडे सुरू झाले.

तिसरं भजन उतरलं की नाही हे न कळताच मालती दवाखान्यात गेली. शुक्रवारी ऑपरेशनच्या दाराबाहेर दत्ता आणि मी चार तास बसलो. त्यात तो माझ्याशी एकदाच बोलला. "आजारी गळा खाली येतो. एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नाही." मी म्हटलं, "नाही आलं." दुसरं काय म्हणणार? माझ्या हाताला पट्टी होती, ती बघून नर्सने त्याला विचारलं, "आजींना काय झालं?" तो म्हणाला, "कॉम्प्युटर शिकतायत."

मालती घरी आली ती आवाज गमावून. त्या रविवारी सुजाताने हार्ड डिस्क काढून आपल्या मशीनला लावली आणि ते मशीन उचलून कसब्यात घेऊन आली. तिन्ही भजनं होती. आम्ही चौघं ऐकत बसलो. तिसरं संपलं, तंबोऱ्याची आस राहिली, आणि त्यात दत्ताचा आवाज आला, "आक्का, हात काढ." दत्ताला ते सहन होईना. दीड तास आम्हाला श्वास घेऊ दिला नव्हता आणि स्वतःच बोलला होता. सुजाताला म्हणाला, "तेवढं कापून टाक." ती कापायला लागली, तोच मालतीने माऊसवर हात ठेवला. काहीतरी कुजबुजली. दत्ताने तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि म्हणाला, "राहू दे म्हणते." आणखी काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दत्ताने स्वतःचा आवाज कधी कुठे उतरवला नाही. आता हे तीन शब्द आहेत, बस. तेराव्यानंतर मी मालतीजवळच राहिले आहे. सुजाताने ती भजनं एका छोट्या यंत्रात घालून दिली आहेत, मालती ती सकाळी स्वयंपाक करताना लावते. परवा मी ओट्यापाशी खाली बसून मेथी निवडत होते. तिसरं भजन चालू होतं, माझं लक्ष नव्हतं. ते संपलं, आणि दत्ताने सांगितल्याबरोबर माझा हात ताटातून वर आला. मुठीत मेथी तशीच. मालतीने पाहिलं, गॅस बारीक केला, आणि भजन पुन्हा पहिल्यापासून लावलं.